गळा गंधर्वाचा, खतावणी मात्र कोरी
बालगंधर्वांच्या आयुष्याचा जमाखर्च

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात. त्यांपैकी एका रस्त्यावर आमच्या आजोबांची आडत होती. दुकानाच्या माळ्यावर जुन्या चोपड्यांची लाल कापडात बांधलेली गाठोडी रचून ठेवलेली असत आणि त्यांच्याच शेजारी एका लाकडी पेटीत ग्रामोफोनच्या काळ्या तबकड्या होत्या. दिवाळीला वहीपूजन आटोपले, पाहुणे पांगले, की आजोबा एक तबकडी काढत, धोतराच्या सोग्याने हलकेच पुसत आणि लावत. खरखर व्हायची, मागून ऑर्गनचा सूर यायचा आणि मग तो आवाज. आजोबा डोळे मिटून ऐकत. तबकडी संपली की दर वर्षी एकच वाक्य बोलत, “गळा देवाचा होता रे, पण वही लिहायला कोणी नव्हते.”

तो आवाज नारायण श्रीपाद राजहंस यांचा, म्हणजे अवघ्या महाराष्ट्राच्या बालगंधर्वांचा होता. आजोबांच्या वाक्याचा अर्थ आम्हांला तेव्हा कळत नसे. पुढे पेढीवर बसू लागल्यावर, देणे आणि येणे यांतील अंतर समजू लागल्यावर तो हळूहळू उमगला. रसिकांनी बालगंधर्वांवर पुष्कळ लिहिले आहे. वहीखात्याच्या घरात वाढलेल्या माणसाने त्यांच्याकडे पाहिले तर काय दिसते, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

नागठाण्याहून मिरजेस

नारायणाचा जन्म 26 जून 1888 रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील नागठाणे येथे झाला. घर मध्यम स्थितीचे, पण गाण्याची आवड असलेले. शिक्षणासाठी जळगावी नातेवाइकांकडे असताना मेहबूबखाँ यांच्याकडे त्याच्या गळ्यावर पहिले संस्कार झाले. पुण्यात लोकमान्य टिळकांनी या मुलाचे गाणे ऐकले आणि “हा तर बालगंधर्व” असे उद्गार काढले, असे परंपरेने सांगितले जाते. उद्गार नेमके कसेही असोत, ते नाव चिकटले ते कायमचेच. एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धालाही महाराष्ट्र ‘बाल’गंधर्व म्हणूनच निरोप देणार होता.

किर्लोस्कर नाटक मंडळीचे लाडके गायक नट भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये वारले होते आणि मंडळी त्यांच्या जागी येईल अशा गळ्याच्या शोधात होती. 1905 मध्ये सतरा वर्षांचा नारायण मिरजेस ‘शाकुंतल’ नाटकात शकुंतलेच्या वेषात रंगभूमीवर उभा राहिला. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. भास्करबुवा बखले यांच्यासारखा थोर गुरू पुढे त्यांना लाभला आणि गळ्यातील उपजत गोडव्याला ख्यालगायकीची बैठक मिळाली.

लातूरच्या वाचकांना मिरजेचे नाव परके वाटू नये. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1911 मध्ये लातूरला पोहोचली आणि 1927 मध्ये तीच लाइन मिरजेपर्यंत गेली. आपल्याकडची गळिताची आणि धान्याची पोती ज्या वाटेने बाहेर पडत, त्याच वाटेने पश्चिम महाराष्ट्रातील वर्तमानपत्रे, नाटकांची पदे आणि तबकड्या आपल्याकडे येत. लातूर आणि नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. दरबाराची भाषा वेगळी, शाळांची भाषा वेगळी. अशा दिवसांत मराठी घरांना आपल्या भाषेशी बांधून ठेवणाऱ्या धाग्यांमध्ये संतांच्या ओव्या व अभंग होते, तसेच हे नाट्यसंगीतही होते.

त्या आवाजात काय होते

बालगंधर्वांचा आवाज फार मोठा नव्हता, आणि तानांच्या आतषबाजीने श्रोत्याला दिपवण्याची त्यांची रीतही नव्हती. शब्दाचा अर्थ पोहोचेपर्यंत ते सुराला पुढे सरकू देत नसत. लय अशी सांभाळत की पद जणू बोलता बोलता सुचले आहे असे वाटावे. तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष असे तोलामोलाचे साथीदार त्यांच्या मंडळीत होते. ख्याल, ठुमरी, गझल, भजन या सर्वांचे रस त्यांच्या गळ्यातून गाळून मराठी पदात उतरत. ज्याला राग ओळखता येत नाही, असा श्रोताही त्यांच्या गाण्याने हलून जाई. जाणकार आणि अडाणी एकाच बाकावर बसून रडावेत, ही किमया फार थोड्या गायकांना साधते.

स्त्रीभूमिकेतील त्यांचा प्रभाव तर घराघरांत शिरला. त्यांच्यासारखे लुगडे नेसावे, त्यांच्यासारखा अंबाडा घालावा, दागिन्यांची निवडही त्यांच्यासारखी असावी, असे घरंदाज स्त्रियांना वाटू लागले. पुरुषांत ‘गंधर्व टोपी’ची चाल पडली. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर त्यांची छबी छापली. एखाद्या नावाची पत बाजारात किती असू शकते, याचे महाराष्ट्रातील ते पहिल्या काही उदाहरणांपैकी एक म्हणता येईल. पत एवढी मोठी असूनही तिचा मालक पुढे रिकाम्या हाताने राहिला, हे या कथेचे दुःख आहे.

12 मार्च 1911

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग 12 मार्च 1911 रोजी मुंबईत ठरला होता. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली. ती त्यांची पहिली संतती होती. प्रयोग पुढे ढकलावा असे साहजिकच सुचवले गेले. परंतु बालगंधर्व रंगभूमीवर गेले. प्रेक्षक दुरून आले आहेत, त्यांना परत पाठवणे बरे नाही, ही त्यांची भूमिका होती. प्रेक्षकांना ते ‘मायबाप’ म्हणत, ‘अन्नदाते’ म्हणत, आणि त्यांच्या तोंडी ते केवळ उपचाराचे शब्द नव्हते.

ही हकिगत सांगताना ऐकणाऱ्याचा ऊर भरून येतो. आम्ही व्यापारी माणसेही दिलेल्या शब्दाला जागण्याचे मोल जाणतो. सौदा तोंडी झाला तरी तो सौदाच. तरीही आज ती गोष्ट वाचताना मन दुसरीकडे जाते. त्या रात्री नाट्यगृहात टाळ्या पडत असताना बिऱ्हाडी लक्ष्मीबाई होत्या. मुलीची आई. त्यांच्या वाट्याला त्या दिवशी काय आले, याची नोंद कोणत्याही रसिकाने ठेवलेली नाही. कर्तव्य पार पडले आणि त्याचे मोल घरच्या माणसाने दिले. कर्तबगार माणसांच्या घरांत असे पुष्कळदा होते; आपल्या घरांतही होते.

वैभव आणि 1921 साल

1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी 1916 मध्ये रंगभूमीवर आली. 1919 मध्ये राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सिंधू आली, गडकरी मात्र तिला पाहायला उरले नव्हते, त्याच वर्षीच्या जानेवारीत ते निवर्तले होते. नाटकाची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. रुक्मिणीचा शालू आणि सिंधूचे ठिगळ लावलेले लुगडे ही दोन्ही रूपे एकाच नटाने अमर केली.

मंडळीचा थाट राजाला शोभावा असा होता. भरजरी खरे शालू, उंची अत्तरे, भारी गालिचे, देखण्या दिव्यांची रोषणाई. प्रेक्षकाला नकली काही द्यायचे नाही, हा बालगंधर्वांचा हट्ट. ‘द्रौपदी’ नाटकासाठी 1920 मध्ये त्यांनी असा डोळे दिपवणारा खर्च केला की पडदा उघडताच लोक थक्क होत. तिकिटांची रोकड येत होती, पण तिच्यामागे खतावणी नव्हती. आज किती आले, त्यातले भांडवल किती, नफा किती, कोणाचे देणे किती, हे मालकाने कधी विचारले नाही. मंडळीतील माणसांना पोटभर पंगत, अडल्याला हातात येईल ते देणे, मागणाऱ्याला नकार न देणे हा स्वभाव. भागीदारीही टिकली नाही. आधी टेंबे, पुढे बोडस बाहेर पडले आणि मंडळीचा सारा भार व सारे ऋण एकट्या बालगंधर्वांच्या शिरावर आले.

1921 साल या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मंडळी कर्जात बुडाली होती. त्याच वर्षी 8 जुलै रोजी मुंबईत बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा. तिकिटांचे दर त्या काळी न ऐकलेले, नाट्यगृह तुडुंब. हे सारे टिळक स्वराज्य फंडासाठी होते. स्वतःच्या दाराशी सावकार उभे असताना त्यांनी आपल्या गळ्याची कमाई देशकार्याला दिली. त्यानंतर तीनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, केशवराव ऐन तारुण्यात वारले. तो प्रयोग पुन्हा कधीच तसा झाला नाही.

फेडलेले कर्ज

येथे बालगंधर्वांच्या चरित्राचे एक पान आहे, जे रसिक घाईने उलटतात आणि ज्याच्यापाशी व्यापाऱ्याने थांबावे. 1921 चे कर्ज त्यांनी बुडवले नाही. दिवाळे काढून हात वर केले नाहीत, भागीदार गेले म्हणून त्यांच्या वाट्याचे देणे नाकारले नाही. गावोगाव प्रयोग करून, रात्री जागून, गळा झिजवून त्यांनी सुमारे सात वर्षांत ते फेडले. ज्याच्याजवळ गहाण ठेवायला आवाजाशिवाय काही नाही, अशा माणसाने केलेली ही फेड आहे. आपल्या पूर्वजांनी मंदीत किंवा दुष्काळात मोडलेल्या पेढ्यांची देणी पिढी उलटली तरी चुकती केल्याच्या गोष्टी आपण घरात अभिमानाने सांगतो. त्याच रांगेत ही गोष्ट बसते.

मात्र कर्ज फिटले तरी सवय फिटली नाही. हात मोकळा झाला की पुन्हा तोच थाट, तेच औदार्य आणि तीच कोरी वही. काही वर्षांतच मंडळी पुन्हा ऋणात गेली आणि यावेळी त्यातून वर येणे झाले नाही. ‘कान्होपात्रा’सारखी भक्तिरसाची नाटके 1931 नंतर आली, त्यांतील भजनांनी लोकांना वेड लावले, परंतु तोवर बोलपट आला होता आणि काळ बदलला होता. ज्या तिकिटाच्या पैशावर एवढा संसार उभा होता, ते पैसे आता चित्रपटगृहांच्या खिडकीवर जाऊ लागले.

एकनाथांची भूमिका

1935 मध्ये प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात बालगंधर्व पडद्यावर आले. दिग्दर्शक व्ही. शांताराम. चित्रपटाचे नाव आधी ‘महात्मा’ होते. परीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. आयुष्यभर नायिका केलेल्या या नटाने येथे पुरुषाची भूमिका केली, आणि तीही आपल्या मराठवाड्याच्या संताची, पैठणच्या एकनाथ महाराजांची.

एकनाथांची एक गोष्ट आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. देवगिरीवर गुरू जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना त्यांच्याकडे हिशेबाचे काम होते. एके दिवशी हिशेबात एक पै चुकली. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसून ती पै शोधत राहिले आणि पहाटे चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. गुरू म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढी तन्मयता, मग हीच परमार्थात लावलीस तर काय होईल!

एका पैसाठी रात्र जागवणाऱ्या नाथांचा वेष त्या माणसाने घेतला, ज्याने लाखांचा हिशेब कधी पाहिला नव्हता. हा योगायोग आम्हांला नेहमी अस्वस्थ करतो. तन्मयता बालगंधर्वांकडेही तेवढीच होती. एका सुरासाठी तेही रात्र जागवत. फरक एवढाच की, नाथांच्या कथेत हिशेब आणि परमार्थ एकमेकांचे वैरी नाहीत. एकाच मनाची ती दोन कामे आहेत. कलावंताने पैशाकडे पाहू नये, हिशेब ठेवणे म्हणजे क्षुद्रपणा, अशी जी समजूत आपल्या समाजात रुजली आहे, तिला खरे तर पैठणच्या संतानेच उत्तर देऊन ठेवले आहे.

प्रभातशी जुळलेले नाते टिकले नाही. 1937 च्या ‘साध्वी मीराबाई’ चित्रपटानंतर ते पुन्हा रंगभूमीकडे वळले.

गोहरबाई

1938 च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी गंधर्व मंडळीत आल्या. चित्रपटगायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या त्या भगिनी. गंधर्वगायकी त्यांनी तबकड्या ऐकून आत्मसात केली होती. आता स्त्रीभूमिका त्या करू लागल्या आणि बालगंधर्व पुरुषभूमिकांकडे वळले. लक्ष्मीबाई 1940 मध्ये वारल्या. पुढे बालगंधर्व आणि गोहरबाई यांनी संसार मांडला. ब्राह्मण नट आणि मुसलमान गायिका यांचे हे नाते त्या काळच्या समाजाला रुचले नाही. कुटुंब दुरावले, अनेक चाहत्यांनी पाठ फिरवली, आणि मंडळीच्या ऱ्हासाचे सारे खापर गोहरबाईंवर फोडण्यात आले.

जमाखर्च तपासणारा माणूस मात्र तारखा पाहतो. मंडळी कर्जात गेली तेव्हा गोहरबाई आल्याही नव्हत्या. त्या आल्या पडत्या काळात, आणि उतारवयात पाय निकामी झालेल्या, पैसा संपलेल्या माणसाची सेवा करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. ज्याच्याकडून घेण्यासारखे काही उरले नव्हते, त्याच्याजवळ त्या 1964 मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिल्या. लोकांनी त्यांच्या खात्यावर मांडलेली रक्कम चुकीच्या नावे लिहिली गेली होती, एवढे तरी आज मान्य करायला हवे.

शेवटचे दिवस

पाय गेले तरी गळा शाबूत होता. बसून भजने म्हणत, ठिकठिकाणी बोलावतील तेथे जात. मान मिळत राहिले. 1955 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1964 मध्ये पद्मभूषण मिळाले. मानपत्रे भिंतीवर चढत होती आणि औषधाची ददात तशीच होती. 15 जुलै 1967 रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी, त्यांच्या जन्मदिवशी, 26 जून 1968 रोजी पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले. गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली त्यांची भव्य चित्रे तेथे लागली. जिवंतपणी ज्याला स्वतःचे छप्पर सांभाळता आले नाही, त्याच्या नावाने एवढी मोठी वास्तू उभी राहिली.

वारसा मात्र वास्तूपुरता राहिला नाही. कुमार गंधर्वांनी 1965 मध्ये ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम करून एका स्वतंत्र प्रतिभेच्या गायकाने दुसऱ्याकडून काय घ्यावे याचा धडा दिला. 2011 मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला; सुबोध भावे यांनी भूमिका केली आणि गायनासाठी आनंद भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नवी पिढी त्या पदांकडे वळली. आपल्याकडे नांदेडात अण्णासाहेब गुंजकरांनी गाणे शिकवले, त्यांचे शिष्य नाथराव नेरळकर यांनी ते मराठवाडाभर पोहोचवले. 2021 मध्ये नाथराव गेले तेव्हा लातूर-नांदेडच्या कितीतरी घरांना आपल्याच घरचे वडीलधारे गेल्यासारखे वाटले.

आपल्या वाट्याचे काम

आता आजोबांच्या वाक्याकडे परत येतो. “वही लिहायला कोणी नव्हते” हे ते बालगंधर्वांना दोष देण्यासाठी म्हणत, असे मला पूर्वी वाटे. आज वाटते, तो दोष ते आपल्या माणसांना देत असावेत. बालगंधर्वांच्या भोवती पैसेवाले रसिक कमी नव्हते. शालू देणारे होते, मेजवान्या देणारे होते, खुर्चीसाठी वाटेल तो दर मोजणारे होते. त्यांच्याजवळ बसून, “देवा, आजची रोकड किती आली ते लिहू, यातले एवढे बाजूला ठेवू, हे सावकाराला देऊ,” असे प्रेमाने आणि अधिकाराने सांगणारा एक मुनीम त्यांना मिळाला असता, तर त्यांचा शेवट कदाचित वेगळा झाला असता.

आपल्या गावांत आजही गाणारी, वाजवणारी, नाटक करणारी मुले-मुली आहेत. गणेशोत्सवात, पर्युषणाच्या भक्तिसंध्येला, लग्नाच्या मांडवात आपण त्यांना बोलावतो, शाल-श्रीफळ देतो आणि बिदागीचे पुढच्या आठवड्यावर ढकलतो. बिदागी त्याच रात्री हातावर ठेवावी. त्यांच्या मंडळाचे हिशेब आपल्यापैकी कोणी विनामूल्य लिहून द्यावेत. त्यांना विम्याचे, बचतीचे, कराचे दोन शब्द समजावून सांगावेत. हे ज्ञान आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या आहे आणि ते दिल्याने कमी होत नाही. आणि आपल्या घरात एखादे लेकरू गाणारे निघाले, तर त्याला गल्ल्यावर बसवण्यासाठी त्याचे गाणे बंद करू नये; गाण्याबरोबर त्याला रोजमेळ लिहायलाही शिकवावे.

आजोबा गेले, आडतही आता नव्या मोंढ्यात गेली. जुन्या चोपड्या आणि तबकड्यांची पेटी आम्ही घरी आणून एकाच कपाटात ठेवली आहे. गेल्या दिवाळीला वहीपूजनानंतर नातीने विचारले, “आजोबा, या दोन्ही वस्तू एकत्र का ठेवल्या?” मी तिला नाथांच्या त्या एका पैची गोष्ट सांगितली आणि मग तबकडी लावली.